बोलणं हीच तपासणी
मानसोपचारात डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवाद कुठे तुटतो आणि कसा जोडता येतो

छातीत धडधडतं, डोकं जड राहतं, झोप लागत नाही, हातापायांना मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही. भिवंडीतल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरला हे गाऱ्हाणं नवं नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार असो, गोदामात माल चढवणारा हमाल असो की कल्याण नाक्याजवळ राहणारी गृहिणी, क्रम ठरलेला असतो. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, थायरॉइड पाहिलं जातं. सगळं ठीक येतं. डॉक्टर हसून सांगतात, "काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका."

खरं तर ही आनंदाची बातमी. तरीही रुग्ण खट्टू होऊन बाहेर पडतो आणि आठवडाभराने तीच फाइल काखेत मारून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. असं का होतं?

कारण दोघांच्या डोक्यात दोन वेगळे प्रश्न होते. डॉक्टरांनी "हृदय ठीक आहे का?" या प्रश्नाचं उत्तर शोधलं आणि ते बरोबर दिलं. रुग्णाचा प्रश्न होता, "मला होतंय ते काय आहे?" त्याचं उत्तर त्याला मिळालंच नाही. उलट "काही झालेलं नाही" याचा अर्थ त्याने लावला, "डॉक्टरांना मी सोंग करतोय असं वाटतं."

शरीर सोंग करत नाही

आधी ही धडधड येते कुठून ते पाहू. धोका जाणवला की मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी तयार करतो. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. समोर साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण धोका म्हणजे थकलेलं कर्ज, मंदीत बंद पडलेला कारखाना किंवा गावी आजारी असलेली आई असेल, तर पळायचं कुठे? यंत्रणा महिनोन् महिने जागीच राहते. श्वास फार भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना खरोखरच मुंग्या येतात.

म्हणजे त्रास शंभर टक्के खरा आहे. ईसीजी नॉर्मल येतो, कारण हृदयाच्या घडणीत दोष नाही, ते फक्त आलेला हुकूम पाळतंय. एवढं समजावून सांगायला डॉक्टरला दोन-तीन वाक्यं लागतात. ती न बोलल्यामुळे पुढच्या चार तपासण्या होतात.

उदासपण शरीराच्या तक्रारी घेऊन येतं, ही केवळ आपल्याकडची तऱ्हा असल्याचा एक समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या पाहणीत बंगळूरचाही समावेश होता. तिच्या आधारे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याचे १,१४६ रुग्ण होते. त्यांतल्या ६९ टक्के लोकांनी डॉक्टरकडे येताना फक्त शरीराच्याच तक्रारी सांगितल्या होत्या. मात्र मनाबद्दल थेट विचारल्यावर नकार देणारे फक्त ११ टक्के होते. लोक मनातलं लपवत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही, असाच याचा अर्थ.

यंत्र नाही, म्हणून बोलणं

मधुमेह रक्तातल्या साखरेवरून कळतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. नैराश्य, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया दाखवणारी अशी चाचणी रोजच्या वापरात नाही. मानसोपचारतज्ज्ञही रक्त तपासायला सांगतात, पण ते बहुतेकदा थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी दुसरी कारणं बाजूला काढण्यासाठी. निदान होतं ते बोलण्यातून. माणूस काय सांगतो, कसं सांगतो, किती दिवसांपासून, घरच्यांना काय दिसलं, झोप-भूक-काम यांत काय बदललं, हे सगळं त्यात येतं. उदाहरणार्थ, नैराश्य म्हणायला ती अवस्था निदान दोन आठवडे टिकलेली असावी लागते, आणि हे विचारल्याशिवाय कळणार कसं?

म्हणून इथे संवादाला सौजन्यापुरतं महत्त्व नाही. तो चुकला की तपासणीच चुकली.

आता या तपासणीला वेळ किती मिळतो ते पाहा. २०१७ मध्ये जगभरातल्या प्राथमिक आरोग्यसेवेची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतातली एका रुग्णाची भेट सुमारे दोन मिनिटांची निघाली, तर स्वीडनमधली बावीस मिनिटांहून अधिक. गर्दी पाहता डॉक्टरला सगळा दोष देता येत नाही. पण त्या दोन मिनिटांचं काय होतं? अमेरिकेत १९८४ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरने त्याला अडवल्याचं दिसलं. डॉक्टरला भीती असते की मोकळं सोडलं तर हा अर्धा तास बोलेल. ती भीती २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रुग्णालयात तपासली गेली. डॉक्टरांना मधे न बोलता फक्त ऐकायला सांगितलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. पहिलं दीड मिनिट मोकळं सोडलं तर मूळ गोष्ट बाहेर येते, आणि उरलेले प्रश्न नेमक्या जागी विचारता येतात.

कारण कोणाचं खरं?

दवाखान्याच्या टेबलावर आजाराच्या दोन कहाण्या समोरासमोर येतात. डॉक्टरच्या कहाणीत मेंदूतली रसायनं, आनुवंशिकता आणि ताण असतो. रुग्णाच्या कहाणीत नजर लागलेली असते, कोणी करणी केलेली असते, "असर", म्हणजे बाहेरची बाधा, असते, नाहीतर "साच्याच्या (यंत्रमागाच्या) आवाजाने डोकं फिरलंय" असं असतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं की रुग्णाची ही कहाणी डॉक्टरने मुद्दाम विचारून घ्यावी. त्यांच्या प्रश्नांचा आशय साधा आहे. हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उपचाराने काय व्हावं असं वाटतं?

असं विचारण्यात श्रद्धेला दुजोरा देणं नसतं. त्यामागे व्यवहार आहे. करणीचं नाव काढताच डॉक्टर हसले, तर रुग्ण ते पुन्हा काढणार नाही. मांत्रिकाकडे किंवा दर्ग्यावर तो जाईलच, फक्त सांगणार नाही. मग तिथल्या उपासात गोळ्या बंद झाल्या हेही डॉक्टरला कळणार नाही. त्यापेक्षा असं बोलता येतं: "चाचा, तुम्ही दुवा मागायला जाता, जरूर जा. पण झोप दोन महिने गेलीय, तिच्यासाठी ही गोळी चालू ठेवा. दोन्हींचं भांडण नाही." गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात "दवा आणि दुवा" याच सूत्रावर मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) आणि डॉक्टर यांनी मिळून काम उभं केलं.

सीमारेषा मात्र स्पष्ट हवी. साखळदंड, मारझोड, उपाशी ठेवणं यांना सवलत नाही. तामिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. २८ जण गेले. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध जादूटोणाविरोधी कायदा आहे.

मधला माणूस काय गाळतो

भिवंडीत एका गल्लीत चार भाषा ऐकू येतात. जुने कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, पद्मानगरातली तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं, तालुक्यातले आगरी, कुणबी आणि वारली. तेलुगू आजीला घेऊन नातू दवाखान्यात येतो आणि हिंदीत सांगतो. डॉक्टर मराठीत विचार करून हिंदीत विचारतात. आजी पाच मिनिटं बोलते, नातू म्हणतो, "कुछ नहीं, बस नींद नहीं आती."

अप्रशिक्षित माणसाने केलेल्या अशा दुभाषेपणात काय घडतं, याचा अभ्यास न्यूयॉर्कमध्ये लुइस मार्कोस यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की असंबद्ध बोलणं दुभाषी नकळत सुसंगत करून सांगतो, लांब उत्तर आखडून टाकतो आणि रुग्णाऐवजी स्वतःच उत्तर देतो. मानसोपचारात हे घातक आहे. स्किझोफ्रेनियात विचारांची साखळी तुटते आणि तेच तर लक्षण असतं. नातवाने साखळी जोडून सांगितली की लक्षणच गायब! मरणाचा विषय निघाला तर सून किंवा मुलगा तो प्रश्नच विचारत नाही, लाजेने किंवा भीतीने.

उपाय फार अवघड नाहीत. डॉक्टरने नातवाकडे न पाहता आजीकडे पाहून बोलावं. एका वेळी एकच छोटं वाक्य सांगावं. नातवाला आधीच बजावावं, "बाळा, ती जे बोलेल ते तसंच सांग, अर्थ लागला नाही तरी." शक्य असेल तर घराबाहेरची, भाषा जाणणारी परिचारिका किंवा आशाताई बोलवावी. आणखी एक गोष्ट या शहरापुरती. वर्षानुवर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काम केलेल्यांचं ऐकणं मंदावलेलं असतं. ते ओठांकडे पाहून अंदाज करतात आणि मान हलवतात. डॉक्टर मास्क लावून, कागदाकडे पाहत पुटपुटले तर त्या होकाराला काही अर्थ नाही.

साचा थांबत नाही

यंत्रमागावरचा कामगार एक गोष्ट जाणतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की साधा मागही आपोआप थांबतो. पण उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटला, तर साध्या मागावर काहीच कळत नाही. साचा त्याच लयीत चालू राहतो, कापड निघत राहतं, आणि त्यात एक बारीक उभी फट पडत जाते. कामगाराची नजर गेली तर तो साचा थांबवून गाठ मारतो, नाहीतर दोष दिसतो तो थेट घडी घालताना.

डॉक्टर-रुग्ण संवादातले बहुतेक गैरसमज या दुसऱ्या जातीचे असतात. भांडण झालं किंवा भाषाच कळेना, तर बोलणं थांबतं आणि दुरुस्ती होते. पण "समजलं ना?" "हो, साहेब" एवढ्यावर सगळं सुरळीत पार पडतं, तेव्हाच धागा तुटलेला असू शकतो. दोष दिसतो महिन्याने.

एक उदाहरण घ्या. चिठ्ठीवर लिहिलंय, "रात्री झोपताना एक गोळी." डॉक्टरच्या डोक्यात रात्री दहा. रुग्णाची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. तो दहा वाजता गोळी घेऊन चार माग चालवत उभा राहतो आणि डुलकी लागून हात धोट्याजवळ जातो. किंवा शहाणपणा करून रात्रपाळीच्या सगळ्या दिवसांत गोळी टाळतो. दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही. "तुम्ही झोपता कधी?" हा एक प्रश्न राहिला, एवढंच. रमजानचंही तसंच. सकाळची गोळी रोज्यात बंद पडते आणि संकोचाने सांगितली जात नाही. आधीच विचारलं तर बऱ्याच गोळ्या सहेरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता येतात. मात्र लिथियम हे मनःस्थितीच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याने दिवसभर पाण्याविना राहणं, किंवा मे महिन्यात पत्र्याच्या कारखान्यात घामाघूम होणंही, जोखमीचं असतं. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. अशा वेळी रोजा धरण्याआधी डॉक्टरशी बोलणं आवश्यकच.

तुटलेला धागा पकडायची सोपी रीत आहे. शेवटी "समजलं ना?" विचारूच नये. त्याऐवजी म्हणावं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते एकदा मला सांगा." परीक्षा रुग्णाची नसून आपल्या सांगण्याची आहे, हे वाक्यातच आलं पाहिजे. २००३ च्या एका आढाव्यानुसार दवाखान्यात दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात. जिथे झोप आणि एकाग्रता आधीच ढासळलेली असते, तिथे तर असं परत सांगायला लावण्याला पर्याय नाही.

आधी त्रास, मग आराम

मानसोपचारातली औषधं अर्ध्यावर सोडली जातात त्यामागे एक वेळापत्रक आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम, जसं मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, पहिल्या काही दिवसांत येतात. मनःस्थितीतला फरक कळायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी न सांगता गोळी दिली, तर पाचव्या दिवशी रुग्णाचा हिशेब सरळ असतो: त्रास वाढला, फायदा शून्य. तो गोळी फेकतो. याउलट डॉक्टरने पहिल्याच भेटीत "आठवडाभर पोट बिघडल्यासारखं वाटेल, ते बहुधा ओसरतं, फरक पंधरा दिवसांनी दिसू लागेल" असं सांगितलं असेल, तर तीच मळमळ सांगितल्याप्रमाणे घडलेली गोष्ट ठरते आणि विश्वास उलट वाढतो.

दुसरा धोका बरं वाटू लागल्यावरचा. ताप गेला की गोळी बंद, ही आपली सवय. नैराश्यात बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवावं लागतं, नाहीतर आजार उलटतो. तिसरा प्रश्न सवयीचा. "झोपेच्या गोळीची सवय लागते" हे काही गोळ्यांच्या बाबतीत खरं आहे, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठी देतात. नैराश्यविरोधी गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही, पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड होते. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

ध्येय ठरवणंही बोलण्याचाच भाग आहे. डॉक्टरला लक्षणं कमी व्हायला हवीत. विणकराला पुन्हा साच्यावर उभं राहायचंय, कारण मजुरी मीटरवर मिळते. गुंगी आणणाऱ्या गोळीने लक्षणं गेली आणि रोजगारही गेला, तर हा उपचार त्याच्या दृष्टीने फसलेलाच.

एकट्याची पाच मिनिटं

आपल्याकडे रुग्णासोबत घरचे आत येतात आणि पुष्कळदा तेच बोलतात. त्यांची माहिती मोलाची असते. पण सासूसमोर सून, मालकासमोर कामगार मोकळा होणार नाही. म्हणून भेटीतली काही मिनिटं रुग्णाची एकट्याची असावीत आणि हा इथला नेहमीचा नियम असल्याचं सर्वांना सांगावं, म्हणजे कोणाला अपमान वाटत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न याच वेळात विचारायचा: "जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाचा भार हलका होतो. पोलीसकेसच्या भीतीनेही लोक गप्प राहतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. जुन्या दंडसंहितेतलं शिक्षेचं ३०९ वं कलम २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा संवादाबद्दलही बोलतो. आजार कोणता, उपचार कोणता, त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. साध्या शब्दांत, खुणांच्या भाषेत किंवा चित्रांनी. रुग्णाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, जिवाला धोका यांसारखे मोजके अपवाद सोडून. शिवाय आपल्या वतीने बोलायला विश्वासाची प्रौढ व्यक्ती नेमता येते. त्याला साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो.

ऐकायला डॉक्टरच हवा का?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के आढळलं. मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकही नाही. भिवंडीकरांसाठी १९०१ पासूनचं ठाण्याचं मनोरुग्णालय जवळ आहे, तरी रोज तिथे कोण जाणार?

गोव्यात "संगत" या संस्थेने यावर एक वाट दाखवली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सल्लागार म्हणून बसवलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. बोलायचं ते साधंच: कोणत्या गोष्टी करणं सुटलं, त्यातली एक या आठवड्यात परत कशी सुरू करता येईल. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार या बोलण्याची जोड मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, तर फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. विदर्भातल्या "विश्राम" प्रकल्पातही गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी संवाद साधला. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

यातला धडा भिवंडीच्या गल्ल्यांना लागू पडतो. आशाताई, मोहल्ल्यातला केमिस्ट, कारखान्यातला जॉबर यांना निदान करायला शिकवायची गरज नाही. मधे न तोडता ऐकणं, नीट विचारणं आणि योग्य जागी पाठवणं एवढं त्यांना शिकवता येतं.

थोडक्यात

रुग्ण आणि घरच्यांसाठी
- त्रास कधीपासून आणि त्याने कोणतं काम अडतं, हे जाण्याआधी कागदावर लिहून न्या.
- पाळीची वेळ, रोजे-उपास, दारू-तंबाखू, इतर औषधं, बाबा-हकीम सगळं सांगा.
- निघताना विचारा: फरक कधी दिसेल? कोणता दुष्परिणाम झाला तर लगेच यायचं? गोळी किती दिवस?
- गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरशी बोला.
- २४ तास मोफत सल्ला: टेलीमानस, १४४१६. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगूसह २० भाषा.

डॉक्टर आणि कार्यकर्त्यांसाठी
- पहिलं दीड मिनिट फक्त ऐका.
- "काही झालेलं नाही" ऐवजी "हृदय ठीक आहे, त्रास खरा आहे, तो असा होतो" असं सांगा.
- रुग्णाला वाटणारं कारण विचारा, हसू नका.
- काही मिनिटं रुग्णाला एकटं भेटा, मरणाच्या विचाराबद्दल थेट विचारा.
- शेवटी रुग्णाकडून त्याच्या शब्दांत सांगून घ्या.